झाडीतल्या कायोटीची शिकार: बंदूक, काडतुसं आणि कॉलबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला, गेली बरीच वर्षं मध्य पेनसिल्वेनियात राहतो. इकडे टेकड्या, ओक आणि हेमलॉकची दाट झाडी, मधे मधे मक्याची शेतं. कायोटीच्या मागे जातो हे ओळखीपाळखीत कळल्यापासून दर हिवाळ्यात तेच तेच प्रश्न येतात, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू. (कॉल म्हणजे जनावरांचे आवाज काढून कायोटीला जवळ बोलवायचं साधन.) यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ पश्चिमेकडच्या मोकळ्या माळावरचे असतात, तिथे माणूस निवांत ३०० यार्डावरून रायफल चालवतो, ते बघून आपला गडी तीच रायफल घेऊन झाडीत शिरतो आणि हात हलवत परत येतो. मी पण तसाच आलेलो, एकदा नाही, दोन अख्खे हिवाळे.

कायोटी म्हणजे आपला कोल्हाच ना?

नाही. आपला कोल्हा वेगळा, खोकड त्याहून वेगळं, आणि कायोटी हा फक्त उत्तर आणि मध्य अमेरिकेतला, कुत्र्या-लांडग्याच्या कुळातला प्राणी. मराठीत त्याला शब्दच नाही, म्हणून मी कायोटीच लिहितो. इथले शेतकरी ‘कायोट’ म्हणतात, शेवटचा ‘ई’ खाऊन टाकतात, ‘कायोटी’ म्हटलं की तुम्ही शहरातून आलात हे त्यांना लगेच कळतं. पण रात्री चार-पाच जण एकदम सुरू झाले की अगदी आपली कोल्हेकुई, मला पहिल्यांदा ऐकून गावचं परसू आठवलं.

पूर्वेकडचा कायोटी पश्चिमेकडच्यापेक्षा मोठा असतो, कारण त्याच्यात थोडं लांडग्याचं आणि थोडं कुत्र्याचं रक्त आलेलं आहे. तिकडे २०-३० पौंड म्हणजे नेहमीचं जनावर, इकडे ४० पौंडांचा नर दिसला तर कोणी तोंडात बोट घालत नाही. हिवाळ्यातले केस इतके दाट असतात की तो आहे त्याच्या दीडपट दिसतो. छर्रे निवडताना हे महत्त्वाचं आहे, कारण नेम केसांवर नाही, आतल्या छातीवर धरायचा असतो आणि छाती वाटते त्याहून बरीच छोटी असते.

मुद्द्याचं सांगा, शॉटगन की रायफल?

दाट झाडीत शॉटगन, म्हणजे एका बारात पुष्कळ छर्रे सोडणारी बंदूक. बारा बोअर. पहिली बंदूक घेत असाल तर डोळे मिटून हीच.

कारण असं बघा. क्रिकेटचं पिच २२ यार्डांचं, बरोबर? दोन पिचं एकापुढे एक टाकली की ४४ यार्ड झाले. पानगळ झाल्यावरसुद्धा आमच्या रानात बहुतेक ठिकाणी दोन पिचांच्या पलीकडे स्वच्छ दिसत नाही, खाली माउंटन लॉरेलची झुडपं असली तर एक पिच दिसलं तरी नशीब. म्हणजे कायोटी दिसेल तेव्हा तो आधीच जवळ असणार, आणि तो उभा राहून फोटो काढून घेत नाही, झाडाआडून झाडाआड सरकत असतो. तुमच्या हातात दोन-तीन सेकंद. एवढ्यात रायफलचा स्कोप लावून, फांद्या चुकवून, नेम धरून चाप ओढणं ज्याला जमतं त्याला नमस्कार.

माझं काय झालं सांगतो. दुसरा हिवाळा, जानेवारी, हातात .२२३ची रायफल आणि त्यावर ३-९चा स्कोप, म्हणजे ३ ते ९ पट मोठं दाखवणारी दुर्बीण. आदल्या दिवशी सरावाच्या रेंजवर ९ वर फिरवलेला, तो तसाच राहिलेला. वीस मिनिटं कॉलवर ससा वाजवला, म्हणजे केकाटणाऱ्या सशाचा आवाज काढला, काहीच नाही, म्हटलं उठावं, तेवढ्यात डावीकडे ओढ्यातून एक वर आला, पंधरा पावलांवर. बंदूक उचलली, स्कोपमधून बघतो तर नुसते केस. करडे, तपकिरी, टोकाला काळे केस, सगळा गोल केसांनी भरलेला, हे खांद्याचं की मांडीचं की शेपटीचं काही कळेना. मी नळी इकडे-तिकडे हलवतोय तोवर त्याने माझ्याकडे बघितलं, आणि संपलं. शेजारचे आजोबा, ज्यांनी मला हे सगळं शिकवलं, ते एवढंच म्हणाले की बाबा रे, माशी मारायला दुर्बीण कशाला नेलीस. पुढच्या आठवड्यात जुनी पंप शॉटगन घेतली.

मग रायफल अजिबात नको?

तसं नाही. तुमच्या रानात विजेच्या तारांखालची साफ पट्टी असेल, लाकूडतोड झालेला मोकळा तुकडा असेल, शेताच्या कडेला बसत असाल तर रायफल कामाला येते. दोघं जात असाल तर फार छान सोय होते, एकाकडे शॉटगन आणि तो वाऱ्याच्या खालच्या अंगाला झाडीत, दुसऱ्याकडे रायफल आणि तो मोकळ्याकडे तोंड करून. फक्त बसायच्या आधी बोटाने दाखवून ठरवायचं, या झाडापासून त्या झाडापर्यंत तुझं, तिथून पुढे माझं, आणि जनावर कितीही सरळ समोर आलं तरी दुसऱ्याच्या बाजूला नळी वळवायची नाही. हे पाळत नाही त्याच्याबरोबर मी जात नाही, मग तो कितीही जवळचा मित्र असो.

बारा बोअर म्हणजे नक्की काय, आणि वीस बोअर चालेल का?

नळीत बसेल अशा मापाच्या शिशाच्या गोळ्या एका पौंडात किती बसतात तो आकडा म्हणजे बोअर, इकडे गेज म्हणतात. १२ गोळ्या बसल्या की १२, २० बसल्या की २०, म्हणून आकडा मोठा तेवढी नळी बारीक. आपल्याकडे कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ज्या बंदुका असतात त्यात बारा बोअर सगळ्यांनी ऐकलेली.

वीस बोअर चालते, पण छर्रे कमी बसतात, म्हणून अंतर ३० यार्डांच्या आत ठेवा. खांदा नाजूक असेल, बायको किंवा मुलगी बरोबर शिकत असेल तर वीस घ्या, बिनधास्त. पण घरात दोन्ही असतील तर एक गोष्ट कोरून ठेवा: वीसचं काडतूस बाराच्या नळीत टाकलं तर ते घसरून पुढे अडकतं, मागून बाराचं सहज बसतं, आणि मग बार काढला की नळी फुटते. यासाठीच वीसची काडतुसं पिवळी करतात. दोन्ही प्रकारची काडतुसं एका खिशात कधीच नाहीत, एका बॅगेत पण नाहीत.

पंप घ्यावी की सेमी-ऑटो?

बजेट कमी असेल तर पंप, म्हणजे प्रत्येक बारानंतर नळीखालचा दस्ता हाताने मागे-पुढे ओढायची. रेमिंग्टन ८७० १९५० पासून बनतेय, मॉसबर्ग ५०० पण तशीच जुनी आणि भरवशाची, सेकंडहँड दोन्ही मुबलक मिळतात, थंडीत चिखलात चालतात. सेमी-ऑटोचा फायदा म्हणजे धक्का कमी लागतो आणि दुसरा बार हात न हलवता निघतो. दोन्हींत ३ इंची चेंबर (काडतूस बसतं ती जागा) पुरे. साडेतीन इंची काडतूस एकदा मारून बघा, दाढ हलते, आणि त्या बदल्यात झाडीतल्या अंतरावर फार काही जास्त पदरात पडत नाही, माझं तरी असं मत आहे. माझा चुलतभाऊ न्यू जर्सीहून आलेला, हौसेने साडेतीन इंचीचे चार बार काढले, रात्री जेवताना चमचा डाव्या हातात.

कोणते छर्रे घ्यायचे? दुकानात डोकं फिरतं.

फिरणारच, कारण नंबर उलटे आहेत आणि दोन वेगळ्या पद्धतीचे आहेत. पक्ष्यांच्या छर्‍यात नंबर ४ म्हणजे ०.१३ इंचाचा बारीक दाणा. आणि बकशॉटमध्ये, म्हणजे हरणासारख्या मोठ्या जनावरांच्या जाड दाण्यांत, नंबर ४ म्हणजे ०.२४ इंचाचा, जवळजवळ दुप्पट जाड. डब्यावर ‘बक’ हा शब्द आहे की नाही ते वाचा. मी एकदा घाईत साधा नंबर ४ उचलून आणलेला, टर्कीचा, रानात पोचल्यावर गाडीच्या दिव्यात डबा वाचला आणि तसाच घरी परतलो. त्याने कायोटी जखमी होऊन पळतो, आणि जखमी जनावर झाडीत मरायला सोडण्यापेक्षा बंदूक न नेलेली बरी.

माझी पसंती बारा बोअर, ३ इंची, नंबर ४ बक. त्यात ४१ दाणे येतात. डबल-ऑट, म्हणजे ००, हा ०.३३ इंचाचा जाडजूड दाणा, साध्या पावणेतीन इंची काडतुसात फक्त ९. एकेक दाणा जोरात लागतो हे खरं, पण ९ दाणे ४० यार्डांवर पसरले की मधे एवढी मोकळी जागा राहते की कायोटी त्यातून आरामात निघून जातो. आणि दाणे जाड म्हणजे ते लांब जाऊन पण धोक्याचे. हरणासाठी ठीक, कायोटीसाठी मला पटत नाही.

त्याहून बारीक म्हणजे टी (०.२० इंच) आणि बीबी (०.१८ इंच). शिशाचा बीबी २५-३० यार्डांपर्यंत बरा. पण टंगस्टनच्या मिश्रधातूचा टी असेल तर गोष्टच वेगळी, कारण शिशाची घनता ११ च्या आसपास, या मिश्रधातूची १२ किंवा जास्त, आणि दाणा कडक असल्यामुळे चेपत नाही, गोल राहतो, सरळ जातो, आत शिरतो. ५० यार्डांपर्यंत चालतो. किंमत मात्र अशी की एकेका बाराला जेवणाचा खर्च. मी पाच काडतुसांचा डबा घेतो, दोन कागदावर, तीन हंगामाला. स्टील हलकं असतं, घनता ८ च्या पण खाली, त्यामुळे कायोटीसाठी घेऊ नका, जिथे शिसं बंद आहे तिथे नाइलाज. कॅलिफोर्नियात २०१९ पासून सगळ्याच शिकारीला शिसं बंद आहे, तिकडच्यांनी लक्षात ठेवा.

चोक कुठला?

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी बसवायची निमुळती नळी, छर्रे किती पसरायचे ते ती ठरवते. फार घट्ट तेवढं चांगलं असं लोकांना वाटतं, पण जाड छर्‍यांचं तसं नसतं. अति घट्ट टर्की चोकमधून बकशॉट मारला तर दाणे एकमेकांवर आपटून चेपतात आणि पॅटर्न, म्हणजे दाण्यांचा एकत्र पडणारा ठसा, उलटा विस्कटतो, शिवाय काही चोकवर बकशॉट मारू नये असं लिहिलेलंच असतं. मॉडिफाइड, इम्प्रूव्ह्ड मॉडिफाइड आणि फुल (एकापेक्षा एक घट्ट), या तीनपैकीच काहीतरी तुमच्या बंदुकीला जमेल. कुठलं, ते मी नाही सांगू शकत, कागद सांगेल.

कागद म्हणजे?

हा सगळ्यात कामाचा प्रश्न आणि हा कोणी विचारत नाही, म्हणून मीच टाकला.

पार्सल गुंडाळायचा तपकिरी कागदाचा रोल आणा. चार फूट लांब तुकडा पुठ्ठ्यावर लावा, मधे मार्करने ठिपका. ४० यार्ड मोजा, पावलांनी नको, टेपने किंवा रेंजफाइंडरने. एक बार. जाऊन बघा. जिथे छर्रे सगळ्यात दाट पडलेत त्याच्याभोवती ३० इंचाचं वर्तुळ काढा, मोजा आत किती पडले. चोकची टक्केवारी याच पद्धतीने काढतात, फुल म्हणजे ७० टक्के आत. पण टक्केवारी बाजूला ठेवा आणि आमच्या आजोबांची युक्ती करा: जेवणाची कागदी प्लेट, ९ इंची, ही कायोटीची छाती समजा. ती कागदावर ठिपक्याच्या आजूबाजूला सरकवत जा. प्लेटखाली प्रत्येक वेळी निदान पाच-सहा भोकं आली तर ते अंतर तुमचं. कुठेतरी एकच भोक आलं तर पाच यार्ड पुढे या आणि परत.

माझ्या बंदुकीला एका कंपनीचा नंबर ४ बक मॉडिफाइडमधून ४० यार्डांवर छान बसतो, दुसऱ्या कंपनीचा तोच नंबर, तेवढीच लांबी, तोच चोक, आणि कागदाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात गठ्ठा, मधे प्लेट ठेवली तर खाली दोन भोकं. बंदूक तीच, माणूस तोच, दहा मिनिटांत. म्हणून ‘कुठलं काडतूस बेस्ट’ असं कोणी विचारलं की मी विचारतो, तुझ्या बंदुकीने कागदावर काय काढलं?

रायफल घेतलीच तर कुठली?

.२२३ रेमिंग्टन. ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला साधारण ३२०० फुटांनी निघते, धक्का नाममात्र, काडतुसं सगळ्यात स्वस्त आणि कुठेही मिळतात. .२२-२५० त्याहून वेगवान, .२४३ विंचेस्टर जड आणि हरणालाही चालते, .२०४ रुगर फार सपाट जाते, पण हे सगळे फायदे २०० यार्डांच्या पुढचे आहेत आणि आपण बोलतोय झाडीबद्दल. .१७ एचएमआर बारीक गोळी, १७ ग्रेन, पूर्वेकडच्या मोठ्या कायोटीला मी मारणार नाही. साधी .२२ तर नाहीच नाही.

गोळी कशी? पातळ कवचाची, आत जाऊन लगेच फुटणारी, प्लास्टिकच्या टोकाची किंवा सॉफ्ट पॉइंट. पूर्ण कवचाची लष्करी पद्धतीची स्वस्त गोळी रेंजवर ठीक, रानात नको. ती जनावरातून आरपार जाते, दगडावर आपटून उडते, आणि .२२३ची गोळी दोन मैलांपर्यंत जाऊ शकते. झाडीत मागे काय आहे ते दिसत नाही, म्हणून मागे मातीचा उतार असेल तरच चाप ओढायचा, टेकडीच्या माथ्यावर आभाळाच्या रेषेत उभा असलेला कायोटी कितीही देखणा दिसला तरी तो तुमचा नाही.

आणखी एक. .३०० ब्लॅकआउटचं काडतूस .२२३च्या रायफलीत कधी कधी बसतं, आणि बसलं तर रायफल तुमच्या तोंडासमोर फुटते. मित्राकडून सुटी काडतुसं घेताना प्रत्येकाच्या बुडावरचं वाचा.

जड गोळी झुडपं कापत जाते म्हणतात, खरं?

खोटं. जुनी समजूत आहे, जाड आणि संथ गोळी फांद्या तोडत सरळ जाते अशी. कुठलीही गोळी करंगळीएवढ्या फांदीला लागली की वळते, कोणती किती वळेल याचा नेम नाही. मोकळी फट सापडली तर मारा, नाहीतर थांबा. छर्‍यांचंही तेच, फक्त चाळीसातले दहा फांदीत गेले तरी तीस उरतात एवढाच फरक.

स्कोप?

रायफलीवर १-४ किंवा १-६, जास्तीत जास्त २-७, आणि रानात शिरताना सगळ्यात खालच्या आकड्यावर. केसांची गोष्ट वर सांगितलीच. शॉटगनवर साधा रेड डॉट, म्हणजे नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी काच, बसवला तर पहाटेच्या अंधुक उजेडात फार बरं पडतं. आणि लक्षात असू द्या, स्कोप नळीच्या दीड इंच वर असतो, त्यामुळे १०० यार्डांवर जुळवलेली रायफल पंधरा-वीस यार्डांवर इंचभर खाली मारते.

कॉल कुठला घेऊ? तोंडाचा की इलेक्ट्रॉनिक?

दोन्ही, पण आधी तोंडाचा, कारण तो वीस डॉलरमध्ये येतो आणि बॅटरी लागत नाही.

तोंडाच्या कॉलमध्ये दोन मुख्य जाती. बंद रीडचा, म्हणजे आत पत्ती झाकलेली, फुंकला की वाजला, पहिल्या दिवशी जमतो, पण आवाज एकाच सुरात आणि कडाक्याच्या थंडीत थुंकी गोठून बंद पडतो, म्हणून तो शर्टाच्या आतल्या खिशात छातीशी ठेवायचा. दुसरा उघड्या रीडचा, प्लास्टिकची पत्ती बाहेर, तिच्यावर ओठ पुढे-मागे सरकवून आवाज बदलतो: टोकाशी ओठ असतील तर उंदराची चिरचिर, मागे सरकलात तर सशाचं केकाटणं, अजून मागे घेऊन आवाज वळवला तर कायोटीची हाळी. एकाच कॉलमध्ये तीन जनावरं, पण हात बसायला महिना जातो. मी गाडीत ऑफिसला जाता-येता शिकलो. घरात वाजवलात तर कुत्रा पलंगाखाली जातो आणि बायको तुमच्याशी कामापुरतंच बोलते.

इलेक्ट्रॉनिक कॉल म्हणजे रिमोटवर चालणारा स्पीकर. फॉक्सप्रो ही यातली नावाजलेली कंपनी आमच्याच पेनसिल्वेनियातली, लुईसटाउनची. याचा खरा फायदा आवाजाचा नाही, जागेचा आहे: आवाज तिकडे, तुम्ही इकडे, जनावराचे डोळे स्पीकरवर, त्यामुळे तुम्ही बंदूक उचलली तरी लक्ष जात नाही. तोंडाने वाजवत असलात की ते थेट तुमच्या तोंडाकडे बघत येतं. नुसता कायोटीच नाही. एकदा मी झाडाला टेकून ससा वाजवतोय आणि मागून टोपीवर धप्पकन काहीतरी बसलं, घुबड! टोपी दहा फुटांवर पडली आणि मी तिथून उठून गाडीत जाऊन बसलो, त्या दिवशीची शिकार संपली.

मोकळ्या माळावर स्पीकर लांब ठेवतात, झाडीत २०-३० यार्ड पुरे, नाहीतर कायोटी स्पीकरपाशी येऊन जाईल आणि तुम्हाला दिसणारच नाही. काही राज्यांत इलेक्ट्रॉनिक कॉलवर बंधनं आहेत, पेनसिल्वेनियात कायोटीला चालतो.

कुठला आवाज कधी वाजवायचा?

त्यांचं वर्ष समजून घ्या म्हणजे पाठ करावं लागत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्या वर्षीची पिल्लं आईबापांना सोडून भटकायला लागतात, भुकेली आणि अननुभवी, साधा सशाचा आवाज पुरतो. डिसेंबरपर्यंत सगळे शिकारी तोच ससा वाजवून मोकळे झालेले असतात आणि उरलेले कायोटी शहाणे, तेव्हा सुतारपक्ष्याचा किंवा उंदराचा बारीक आवाज लावा. जानेवारीच्या शेवटापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत जोड्या जमायचा काळ, तेव्हा हाळी. एकटी, लांब, शांत. भांडखोर आव्हानाची हाळी झाडीत मी जपून वापरतो, दुबळा कायोटी ती ऐकून उलटा जातो. एप्रिल-मेमध्ये पिल्लं होतात, त्या काळात मी जात नाही. कायदा अडवत नाही, मला नको वाटतं. काही शेतकरी मे-जूनमध्ये मेंढ्यांसाठी मुद्दाम बोलावतात आणि तेव्हा हरणाच्या पाडसाचा आवाज फार चालतो हेही खरं.

पहिली दोन मिनिटं आवाज अगदी हळू. झाडीत जनावर शंभर यार्डांवर झोपलेलं असू शकतं, एकदम भोंगा लावलात तर ते दचकून पळेल. मग वाढवा, अर्धा मिनिट वाजवा, दोन मिनिटं गप्प. एका जागी निदान अर्धा तास. पूर्वेकडचा कायोटी धावत येत नाही, रमतगमत, थांबत, वास घेत येतो.

वाऱ्याचं एवढं काय असतं?

सगळंच असतं. बंदूक, काडतूस, कॉल सगळं जमलं आणि वारा चुकला तर घरी बसलेलं बरं. आवाज ऐकल्यावर कायोटी सरळ येत नाही, वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो, म्हणजे आवाज करणाऱ्याचा वास त्याच्या नाकात येईल. म्हणून तिथे, खालच्या अंगाला, तुम्हाला नेम धरता येईल अशी फट हवी. जुना लाकूडतोडीचा रस्ता, ओढ्याचं पात्र, काहीही. वारा डावीकडून उजवीकडे जात असेल तर स्पीकर समोर, माझी बंदूक आधीच उजवीकडे वळलेली.

वारा बघायला लोक पावडरची बाटली नेतात. मी मिल्कवीडची शेंग नेतो. आपल्या रुईच्याच कुळातली ही वनस्पती, शेंगेत तसाच रेशमी कापूस, आणि एकेक बी सोडलं की ती म्हातारी तरंगत जाते, पावडर दोन फुटांवर दिसेनाशी होते पण म्हातारी साठ-सत्तर यार्ड दिसते. पहिल्यांदा सोडली तेव्हा कळलं की माझ्या तोंडावर येणारा वारा वीस यार्डांवर ओढ्यात उतरून उलटा फिरतोय. त्या जागेवर मी वर्षभर बसत होतो आणि कायोटी का येत नाही म्हणून कॉल बदलत होतो.

रात्री जावं का?

पेनसिल्वेनियात चालतं. पण थर्मलमध्ये, म्हणजे अंगाची उष्णता दाखवणाऱ्या दुर्बिणीत, शेजाऱ्याचं हस्की कुत्रं आणि कायोटी सारखंच पांढरं दिसतं, त्यामुळे नवीन माणसाने पहिलं वर्ष दिवसाच काढावं.

लायसन्सचं काय? आणि मी एच-१बीवर आहे.

आपल्या लोकांनी हे नीट वाचा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला, एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ सगळे आले, बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मनाई आहे. त्याला अपवाद आहेत, आणि आपल्या कामाचा अपवाद म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. चालू, हा शब्द महत्त्वाचा. पेनसिल्वेनियाचं लायसन्स ३० जूनला संपतं. तुम्ही १ जुलैला नवीन काढलं नाही आणि बंदूक कपाटात पडून आहे, तर त्या दिवसापासून तुम्ही गुन्ह्यात. मी ग्रीन कार्ड मिळेपर्यंत फोनवर २५ जूनचा अलार्म ठेवलेला. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. तुमचं प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर इमिग्रेशन वकिलाला पैसे देऊन विचारा, माझ्यासारख्याला फुकट नको. आणि ‘तुझ्या नावावर घेऊन दे’ असं कोणी म्हटलं तर घेऊन देऊ नका, बंदूक घेताना भरायच्या फॉर्म ४४७३ वर खरा खरेदीदार तुम्हीच आहात असं सही करून सांगावं लागतं.

लायसन्सच्या आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स. कायोटीला इथे वर्षभर परवानगी आहे, संख्येची मर्यादा नाही. वस्ती असलेल्या घरापासून १५० यार्डांच्या आत घरमालकाच्या परवानगीशिवाय शिकार नाही. हरणाच्या रायफल हंगामात अंगावर २५० चौरस इंच भडक नारंगी हवं, आणि तेव्हा झाडीत बसून हरणाच्या पाडसाचा आवाज काढायचा शहाणपणा करू नका. राज्य बदललं की नियम बदलतात: पूर्व नॉर्थ कॅरोलायनात लाल लांडगे आहेत, तिथल्या काही काउंटींत कायोटीवर वेगळी बंधनं, आणि ते दोघं लांबून ओळखू येत नाहीत.

मारल्यावर करता काय?

हातमोजे घालून कातडं काढतो, खरूज लागलेला असेल तर हात लावत नाही, पुरून टाकतो. हिवाळ्यातली कातडी कमावून ठेवलीत चार-पाच, विकायला गेलात तर आजकाल भाव नाही. खात कोणी नाही, मला हे विचारणारे नेहमी पुण्याचे असतात. चार कायोटी मारल्याने रानातले कायोटी कमी होतात असंही नाही, रिकाम्या जागेत दुसरे येतात. ज्या शेतकऱ्याची कोकरं जातात त्याला तेवढ्यापुरता आराम पडतो. आणि बक्षिसं लावून ढीग मोजायच्या स्पर्धा असतात त्यात मी जात नाही, न्यूयॉर्कने त्या बंदच केल्या, बरं केलं.

गावी कोल्ह्यावर हेच कॉल चालतील का?

कोल्हा येईल बहुधा, आणि त्याच्या मागून वनखातं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली कोल्हा, खोकड, लांडगा सगळे संरक्षित आहेत, शिकार म्हणजे तुरुंग. कॉल नेऊन नुसता वाजवून बघायचा मोह पण नको.

भारतात जाताना काही काळजी?

एकच: शिकारीचं जॅकेट आणि बॅग प्रवासाला वापरू नका. सुटं काडतूस सामानात सापडलं तर शस्त्र कायद्याखाली केस होते, ‘चुकून राहिलं हो साहेब’ म्हणून सुटका नाही, तारखा पडत राहतात. मी दोन वर्षांपूर्वी मुंबईला निघायच्या आदल्या रात्री जॅकेट घडी करून बॅगेत टाकत होतो, अस्तराला भोक पडलेलं, खाली बोटाला काहीतरी कडक लागलं. बायकोने शिवणाच्या कात्रीने अस्तर उसवलं, आतून एक रिकामं काडतूस निघालं आणि त्याच्या शेजारी एक न फोडलेलं, नंबर ४ बक, ३ इंची. जॅकेट घरीच ठेवलं, आणि रात्री एक वाजता सगळ्या बॅगा रिकाम्या करून परत भरल्या.